बराबरीचा खटका

गणवीर मास्तरांच्या घरी चहा मिळायचा, पण आधी हात द्यावा लागायचा. हात म्हणजे खरोखरचा हात. तुम्ही दारात चपला काढल्या की मास्तर एक लाकडी पाटी तुमच्यापुढे सरकवणार. तिच्यावर वाटीएवढं एक गोल बटण बसवलेलं. आणि म्हणणार, "फिरवा." का, कशासाठी, काही नाही. दूधवाला आला, फिरवा. विम्याचा माणूस आला, फिरवा. माझी बायको एकदा विरजण मागायला खाली गेली ती पंधरा मिनिटांनी रिकामी वाटी घेऊन परत आली. म्हणाली, "डावीकडे हळू फिरवा म्हणाले, मग उजवीकडे झपकन फिरवा म्हणाले. मी फिरवून आले. विरजण राहिलंच."

बटण फिरवून झालं की मास्तर एका वहीत लिहायचे. आधी नाव, मग हाताचा स्वभाव. माझ्या नावापुढे काय आहे ते मी एकदा चोरून वाचलं. 'हात जड. घाई फार. सुधारणा होणार नाही.' अहो, शहराबाहेर वाडीला ज्या ट्रान्सपोर्ट गोदामात मी बारा वर्षं कारकुनी केली, तिथल्या मालकालासुद्धा माझ्याबद्दल इतकं नेमकं मत बनवता आलं नव्हतं. मला राग आला. पण खरं होतं ते, काय करता.

आम्ही धरमपेठेत एकाच घरात भाडेकरू. ते खाली, मी वर. सरकारी तंत्रशाळेत ते पोरांना रेडिओदुरुस्ती शिकवायचे, म्हणून मास्तर. साल ऐंशीच्या पुढचं. नागपुरात टीव्ही नुकते कुठे घरोघर दिसायला लागले होते. मास्तरांकडे लाकडी शटरचा, काळ्यापांढऱ्या चित्राचा टीव्ही होता, पण त्यावर बातम्या क्वचितच लागायच्या. त्यावर लागायचा मास्तरांचा खोका.

हा खोका म्हणजे टीव्हीवर खेळायचा खेळ. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील. काळा पडदा, दोन बाजूंना दोन उभ्या पांढऱ्या रेघा, आणि मधे एक ठिपका इकडून तिकडे पळतोय. रेघ म्हणजे तुमची फळी. ठिपका म्हणजे चेंडू. हातातलं बटण फिरवलं की फळी वरखाली सरकायची. चेंडू अडवला नाही की समोरच्याला एक गुण. ज्याचे पंधरा आधी, तो जिंकला. बस. यापलीकडे काही नाही. पण या एवढ्याशा गोष्टीनं मास्तरांची झोप उडवली होती.

त्याचं असं झालं. ओळखीच्या कोणीतरी मुंबईहून त्यांना असा एक तयार खोका आणून दिला. मास्तर दोन दिवस खेळले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तो उघडून ठेवला. मी वरून उतरलो तर पंच्यावर खोक्याची आतडी पसरलेली.

"बिघडला का हो मास्तर?"

"बिघडला नाही भाऊ, बनवणाराचं डोकं बिघडलं." त्यांनी मला एक खटका दाखवला. "हे पाहा. कंपनीवाल्यानं एकच खटका देल्ला. वर केला तं दोघांचीबी फळी मोठी. खाली केला तं दोघांचीबी बारीक. आता तुमी शिकाऊ अन् मी पक्का. दोघांच्या फळ्या मोठ्या केल्या तं मले झोप येते. दोघांच्या बारीक केल्या तं तुमी पंधरा-शून्यानं मरता. हा काय खेळ झाला? मामला बराबरीचा पाहिजे ना."

"मामला बराबरीचा पाहिजे" हे त्यांचं पालुपद. भाजी निवडताना, पंख्याचा वेग ठरवताना, भांडणात मध्यस्थी करताना, कुठेही हे वाक्य यायचं.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं? लहानपणी आपण नाही का, नवख्याला कच्चा लिंबू करायचो. खेळू द्यायचं, आउट धरायचं नाही."

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कच्चा निंबू म्हणजे काय, भाऊ? खेळात आहे, पण मोजणीत नाही. धावून धावून थकते बिचारा, अन् शेवटी तो जिंकला काय, हारला काय, कोणाले फरक पडत नाही. आमाले तं शाळेत कच्चा निंबूबी करत नव्हते. मैदानाच्या बाहेर उभे राहा, अन् चेंडू आला तं पायानं ढकला, हात नका लावू." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. मग पुन्हा खोक्याकडे वळून म्हणाले, "मले मोजणीतला कच्चा पाहिजे. त्यानं जिंकलं तं जिंकलं म्हणा लागन."

तेव्हापासून त्यांचा स्वतःचा खोका घडायला लागला. दोन खेळाडू, दोन खटके. ज्याचा त्याचा वेगळा. एका टोकाला 'कच्चा', दुसऱ्या टोकाला 'पक्का', मधे पाच पायऱ्या. तुमचा खटका कच्च्यावर असेल तर तुमची फळी हातभर, समोरच्याचा पक्क्यावर असेल तर त्याची बोटभर. आणि मुख्य गोष्ट, हे दोन्ही खटके खोक्याच्या माथ्यावर, सगळ्यांना दिसतील असे. मी सुचवलं की मागे लपवले तर खोका सुबक दिसेल. मास्तर असे भडकले की विचारू नका. "गुपचूप काही नाही! ज्याले सवलत आहे त्याले माहीत पाहिजे, अन् समोरच्यालेबी माहीत पाहिजे. गुपचूप मेहरबानी म्हणजे माणसाच्या तोंडात मारल्यासारखं आहे." एवढ्याशा खटक्यावरून इतकं तापायचं कारण मला तेव्हा कळलं नाही.

खोका तपासायला दोन माणसं लागायची. कच्चा हात म्हणून माझी कायमची नेमणूक झाली, कारण मी रोज खेळूनही सुधारत नव्हतो. मास्तर लोकांना अभिमानानं सांगायचे, "यांचा हात सहा महिन्यांत कणभर हालला नाही. असा माणूस भेटत नाही." मी हे कौतुक समजून घेत होतो.

पक्का हात आपण होऊन चालत आला. समोरच्या घरात धोटेबाई राहायच्या. जिल्हा कोर्टात टायपिस्ट, वय चाळिशीचं, चेहरा कायम निकाल लागल्यासारखा. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर सिनेमा रंगात आला होता, नायिका रडत होती, आणि तिच्या गालावरून एक पांढरा ठिपका इकडून तिकडे फिरायला लागला. मास्तरांच्या खोक्याचा चेंडू हवेतून रस्ता ओलांडून समोरच्या अँटेनात शिरला होता. धोटेबाई तणतणत आल्या. "मास्तर, काय लावलं आहे हे? बाई मरून राहिली तिकडे अन् तुमचा चेंडू तिच्या नाकावर!"

मास्तरांनी शांतपणे पाटी पुढे केली. "फिरवा."

"काय फिरवा?"

"बटण फिरवा, मग भांडा."

त्यांनी रागारागात फिरवलं आणि मास्तर वहीत लिहायचं विसरून त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. अर्ध्या तासात बाईंनी मला पंधरा-एक आणि मास्तरांना पंधरा-चार असं धुतलं. सिनेमा तिकडे संपून गेला. त्या दिवसापासून बाई रोज सहाला हजर. कमी बोलायच्या, आणि बोलायच्या ते खोक्याची चूक काढायला. "बटण सैल आहे." "चेंडू कोपऱ्यात अडून राहिला." मी म्हणायचो बटण फारच आवळ आहे, त्या म्हणायच्या सैल आहे. शेवटी मास्तरांनी एकात एक अशी दोन बटणं बसवली. बाहेरचं पितळी, पानदानाच्या झाकणाचं, माझ्यासारख्या धसमुसळ्यासाठी. आतलं बारीक, बाईंच्या बोटांसाठी. कोणालाही दुसऱ्यासाठी काही सोडावं लागलं नाही. मास्तर त्या दिवशी सण असल्यासारखे वागले, वहिनींना शिरा करायला लावला.

एकदा मात्र मी माती खाल्ली. शांतावहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, कधी खेळायच्या नाहीत. एका दिवशी आग्रहानं बसल्या, माझ्याशी. बिचाऱ्या घाबरून बटण धरत होत्या. मला दया आली. बारा-बारा झाल्यावर मी दोन-तीन चेंडू सोडून दिले. वहिनी जिंकल्या, हसल्या, पदरानं तोंड झाकलं. आणि मास्तरांनी टीव्ही खटकन बंद केला.

"मुद्दाम हारले तुमी."

"छे हो, माझा हात म्हणजे..."

"तुमचा हात जड आहे भाऊ, उलटा नाही. चेंडू वर होता अन् तुमी फळी खाली नेली. घरी जा तुमी."

घरी जा! शेजाऱ्याला, एवढ्या तेवढ्यावरून! मीही तडक वर निघून गेलो आणि चार दिवस खाली पाय ठेवला नाही. पाचव्या दिवशी वहिनीच वर आल्या. वाटीत विरजण, आधीचं राहिलेलं. बसल्या आणि मला दादांची गोष्ट सांगितली.

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. उमरेडला हातमागावर धोतरं, लुगडी विणायचे. बाप लवकर गेला, तेव्हा धाकट्याला यांनीच वाढवलं. दादांचं बोट कॅरमवर असं चालायचं की पंचक्रोशीत त्यांच्यासमोर कोणी टिकत नव्हतं. रोज संध्याकाळी माग बंद झाला की दोघं भाऊ कॅरम मांडून बसायचे, आणि रोज धाकटा जिंकायचा. वर्षानुवर्षं. मास्तर शिकायला नागपूरला आले ते याच तोऱ्यात, की उमरेडच्या चॅम्पियनला आपण हरवतो. वसतिगृहात सगळ्यांना सांगून ठेवलं. स्पर्धेत नाव दिलं. पहिल्याच डावात समोरच्या पोरानं असा धुव्वा उडवला की यांची एक सोंगटी भोकात गेली नाही. सगळं वसतिगृह हसलं. मास्तर त्याच दिवशी उमरेडला गेले आणि भावाला विचारलं. दादा म्हणाले, "तू जिंकला की हासत होता ना गा, म्हणून."

"सहा महिने बोलले नाहीत हे दादाजीशी," वहिनी म्हणाल्या. "तवापासून कोणी मुद्दाम हारलं की यायच्या तळपायाची आग मस्तकात जाते. तुमी मनावर नका घेऊ, भाऊजी."

"आणि आता दादांशी कसं आहे?"

वहिनी म्हणाल्या, "दादाजीचे हात कापतात आता. दोन वर्षं झाले. माग बंद केला. कॅरम कोणाले तरी देऊन टाकला. चारचौघांत चहाबी घेत नाहीत, कप वाजते म्हणून. दसऱ्याले दीक्षाभूमीवर येतात तेवढे. हे जे खोक्याचं चाललं आहे ना, ते सगळं त्यायच्यासाठी आहे. दादा पुन्हा एकडाव खेळाले बसला पाहिजे, एवढंच यायच्या डोक्यात आहे."

मला माझीच लाज वाटली. मी खाली गेलो आणि म्हणालो, "मास्तर, माझा खटका कच्च्यावर करा, बसतो." त्यांनी खटका तेवढा केला.

त्या दसऱ्याला दादा आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, उंच, हाडकुळे, बोलणं हळू. सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन आले, जेवले आणि मास्तरांनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं. घरात उमरेडचे आणखी चार-पाच पाहुणे. मी होतो, धोटेबाई होत्या. खेळ समजावून झाला. दादांनी बटण धरलं. त्यांची फळी पडद्यावर आली, पाऊण पडदा व्यापून.

दादांनी विचारलं, "माही फळी एवढी मोठी काहून?"

आता इथे दुसरा कोणी असता तर काहीतरी थाप मारून मोकळा झाला असता. मास्तर नाही. त्यांनी माथ्यावरचा खटका दाखवला आणि म्हणाले, "दादा, तुहा हात कापते ना. म्हणून कच्च्यावर ठेवली."

पाहुणे सतरंजीकडे बघायला लागले. दादा म्हणाले, "पक्क्यावर कर."

"दादा..."

"पक्क्यावर कर, गा."

मास्तरांनी केलं. फळी बोटभर झाली. आणि ती बोटभर रेघ पडद्यावर थडथडायला लागली. हातात होतं ते थरथरणं इतकं मोठं नव्हतं हो, पण खोक्यानं ते दहापट करून सगळ्यांसमोर टीव्हीवर लावलं होतं. दादांनी दोन चेंडू सोडले. मग बटण खाली ठेवलं, हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाले, "खेळ चांगला बनवला तू." रात्री राहायचे होते, पण संध्याकाळच्याच एसटीनं निघून गेले.

मास्तर तीन दिवस तंत्रशाळेत गेले नाहीत. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "भाऊ, मी गाढव आहे. कच्च्याले कसं खेळवाचं ते मले समजलं. पक्क्याले कसं खेळवाचं तेबी समजलं. पण ज्याचं डोकं पक्कं अन् हात कच्चा, त्याच्यासाठी माह्या खोक्यात जागाच नाही. मोठी फळी देली तं त्याचा अपमान होते. लहान देली तं त्याचे हाल होते." त्यांनी खोका बाजूला सरकवला. "पुढच्या दसऱ्यापर्यंत हे नाही जमलं, तं दादा काही या घरात पुन्हा खेळाले बसत नाही."

एक वर्ष. पुढचं सगळं वर्ष त्या बोटभर फळीत गेलं. तोड तशी त्यांना महिनाभरातच सापडली होती. बटणातून जी वीज खोक्यात जाते तिच्या वाटेवर एक कंडेन्सर टाकायचा. रेडिओ उघडला की आत पिंपासारखी इवलीशी दिसते ती वस्तू. ती बारीकसारीक थरथर आपल्या पोटात घेते, पुढे जाऊ देत नाही. हात कापला तरी फळी स्थिर. मला वाटलं, झालं की मग! पण कंडेन्सर मोठा टाकला की फळी आळसावायची. हात वर गेला तरी ती सावकाश निघायची. लहान टाकला की थरथर पुन्हा दिसायची. आणि दादा काही माझ्यासारखे नव्हते, फळी केसभर उशिरा आली तरी ज्याला कळेल असा तो माणूस. एका बाजूनं कच्चा हात सांभाळायचा, दुसऱ्या बाजूनं पक्की नजर. ते नेमकं माप शोधायचं होतं.

शोधायला कापणारा हात पाहिजे ना. तो कुठून आणणार? मास्तरांनी मला हुकूम सोडला, "दोन बादल्या पाणी घ्या अन् दहा मिनिटं हात लांब करून उभे राहा." मी वाडीहून सायकल मारत आलेला, घामाघूम, आणि अंगणात दोन बादल्या धरून उभा. रस्त्यानं जाणारे विचारायचे, काय झालं, शिक्षा झाली का? पण खरंच, दहा मिनिटांनी हात असा लटपटायचा की चहाचा कप धरवत नसे. त्या हातानं मी बटण धरायचो आणि मास्तर नाक पडद्याला लावून फळीकडे बघायचे. मी उठलो की धोटेबाई बसायच्या आणि उशीर पकडायच्या. "येऊन राहिली. पण सावकाश." दुसऱ्या दिवशी दुसरा कंडेन्सर, पुन्हा दोन बादल्या. मे महिन्यात कूलर लागले की व्होल्टेज पडायचं आणि आधीची सगळी मापं बिघडायची. मला तर वाटायला लागलं की माझे हात आता कायमचेच असे राहणार. बायको म्हणायची, "खोक्याचं जमेल की नाही माहीत नाही, पण तुम्ही पाणी भरायला चांगले तयार झालात."

भादव्यात एका संध्याकाळी माझा हात भरपूर लटपटत होता आणि पडद्यावर फळी उभी होती, शांत. धोटेबाई बसल्या. पाच मिनिटं खेळल्या, दहा मिनिटं खेळल्या. मग बटण ठेवून म्हणाल्या, "मले तं समजत नाही." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सोन्याचं पदक.

मास्तर झाकणाचे स्क्रू आवळत होते. मी माथ्यावर बघितलं. तिथे जुनेच दोन खटके. मी विचारलं, "मास्तर, या कंडेन्सरचा खटका कुठे आहे?"

"खटका नाही त्याले."

"मग दादांना कळणार कसं?"

ते स्क्रू आवळत राहिले. "नाही कळलं पाहिजे."

मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण दहा महिने बादल्या धरलेला माणूस गप्प कसा बसेल? मी म्हणालो, "म्हणजे दादांनी कॅरमवर जे केलं तेच तुम्ही करताय."

मास्तरांचा हात थांबला. मला वाटलं, आता पुन्हा घरी जा म्हणतात. ते म्हणाले, "हो. तेच करून राहिलो." मग म्हणाले, "त्यानं तवा काहून केलं, ते मले आता समजून राहिलं, भाऊ. लय उशिरा समजलं." आणि त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला.

दसऱ्याला दादा आले. येताना म्हणालेच, "मी खेळनार नाही, पाहतो." मास्तर म्हणाले, "बरं." धोटेबाई आणि मी खेळायला बसलो. आता बाईंनी ते कसं केलं ते त्यांनाच ठाऊक, पण मधेच उठल्या आणि म्हणाल्या, "दादाजी, यांच्याशी खेळून कंटाळा येते. तुमी या." असं सांगून बटण सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाई माणसाचं मन कसं मोडायचं म्हणून दादांनी ते धरलं. मी माझं बटण मास्तरांना दिलं. दोन्ही खटके पक्क्यावर होते.

फळी हलली नाही. दादांची बोटं बटणावर थरथरत होती, मला तीन हातांवरून दिसत होती, आणि पडद्यावर ती बोटभर रेघ उभी होती, त्यांनी नेली तिथे. दादांनी पडद्याकडे बघितलं. मग हाताकडे. मग पुन्हा पडद्याकडे. आणि ते थोडे पुढे सरकून बसले.

पहिले चार गुण मास्तरांनी घेतले. मग दादांना चेंडूची चाल कळली. कॅरमचा माणूस तो, चेंडू काठाला लागून कुठे निघणार ते आधीच ओळखायला लागला. सहा-सहा. नऊ-आठ. मास्तर घामानं निथळत होते. मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो, एखादा चेंडू सोडतात का म्हणून. एकही सोडला नाही, उलट दोनदा तोंडातून शिवी गेली. तेरा-तेरा झाले तेव्हा घरातले पाहुणे उभे होते, वहिनी हातात उलथनं घेऊन दारात, आणि धोटेबाई चक्क ओरडत होत्या, "खाली, दादाजी, खाली!"

पंधरा-तेरा. दादा जिंकले.

ते हसले. त्या लांब, वाळलेल्या चेहऱ्यावर हसू कसं दिसतं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. वहिनींनी चहा आणला, त्यांनी सगळ्यांच्या समोर कप घेतला. कप बशीवर वाजला. त्यांनी त्याकडे लक्षही दिलं नाही, मास्तरांना तेरा-तेरावर कुठे चूक झाली ते समजावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो. माझ्याकडे तेव्हा स्कूटर आली होती, मास्तरांची अजून सायकलच. स्टँडवर दसऱ्याची परतीची गर्दी. उमरेडच्या गाडीला वेळ होता. आम्ही कडेला उभे राहिलो. दादा म्हणाले, "भाऊ, तुमाले एक सांगतो."

"बोला ना."

"मी चाळीस वर्षं माग चालवला. इकडे धागा किती ओढला की तिकडे कपडा किती सरकते, हे माह्या हाताले पाठ आहे. काल माहा हात एवढा हालून राहिला अन् ते फळी थंड. मंधात काहीतरी टाकलं त्यानं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "टाकलं ना?"

मला खोटं बोलवेना. खरंही बोलवेना.

"राहू द्या, नका सांगू. अन् त्यालेबी नका सांगू, मले समजलं म्हणून. त्याले वाटू द्या, दादाले काही पत्ता नाही."

मी एवढंच म्हणालो, "पण दादा, तुम्ही जिंकलात ते खरं होतं. त्यांनी एक चेंडू सोडला नाही."

"ते मले मालूम आहे, बाप्पा. त्याच्या तोंडाकडे पाहून राहिलो होतो ना मी." ते पुन्हा हसले. "लहानपणी तो जिंकाचा तवा मी असाच त्याच्या तोंडाकडे पाहाचो. मले तेवढंच पाहिजे राहे."

गाडी लागली. गर्दीत मी त्यांना खिडकीशी जागा धरून दिली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडून म्हणाले, "त्याले म्हणा, पुढच्या साली तयारीनं बस. दहाच्या वर जाऊ देत नाही!"

आज दोघेही भाऊ नाहीत. म्हणून लिहितोय, नाहीतर लिहिलं नसतं. त्यानंतरचे सात दसरे ते दोघं खेळले, कधी हा जिंकला, कधी तो, आणि त्या सात वर्षांत मी ना मास्तरांना काही सांगितलं, ना दादांना. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत.

त्या दिवशी मी स्कूटर लावली तेव्हा मास्तर फाटकातच उभे होते. तंत्रशाळेत जायची वेळ टळून गेली होती.

"दादा काही म्हणाला का?"

"म्हणाले ना."

मास्तरांनी फाटक घट्ट धरलं. "काय म्हणाला?"

"पुढच्या वर्षी तयारीनं बसा म्हणाले. दहाच्या वर जाऊ देणार नाहीत तुम्हाला."

"अन् फळीचं? फळीचं काही नाही म्हणाला?"

"फळीचं? काही नाही बुवा."

"नक्की?"

"नक्की."

मास्तर तिथेच पायरीवर बसले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला. "त्याले समजलं नाही," ते म्हणाले. "भाऊ, त्याले काहीच समजलं नाही." आणि त्यांना रडू आवरेना. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.